यमूचा पाळणा

वन्सं,

“फिरताना खाली बघू नको गो, पोरीच्या तोंडाकडे बघ, म्हणजे भोवळ नाय येत,” गेल्या जत्रेत गोल पाळण्यात तुमचे दादा मला म्हणाले होते. तरी उतरल्यावर मी ओकलेच, आणि ते हसत पाठ चोळत राहिले.

यंदाही यमूला पाळण्यात बसवायचं कबूल करून ते मुंबईला गेले. दुपारची एसटीही आली, ते नाहीत. यमू नवा फ्रॉक घालून उंबऱ्यावर बसली आहे.

आज माझा अळणी सोमवार. आवळासुपारीत मीठ असतं, म्हणून मळमळलं तर हुंगायला नुसतं लिंबू घेतलंय. समईत तेल घाला. त्यांची भाकरी झाकून ठेवलीय.

“बाबांनीच मला तुझ्याबरोबर पाळण्यात बसायला सांगितलंय,” असं मी यमूला सांगितलंय. तिनं विचारलं तर तुम्हीही तसंच सांगा. जत्रेला निघतो आम्ही.

प्रयाग