गुरुवारचं तळं

३ मार्च, सोमवार

गाढवपणा! दुसरा शब्द नाही. सल्लागारांचा अहवाल आला. एकशे बारा पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर खंड्या पक्षी. विषय — पाणी आणि जैवविविधता ढासळली तर आमच्या कारखान्याला धोका किती? उत्तर — हिरवा. म्हणजे खुशाल झोपा.

आम्ही फळांचा रस बाटल्यांत भरतो. दोन बोअर दिवसभर उपसतो, आता साहेबांना तिसरी हवीय. जमिनीतलं पाणी पुरलं नाही तर आधी खालच्या वस्तीच्या विहिरी आटतील, मग आमच्या बाटल्या. एवढा गंभीर प्रश्न, आणि हिरवा?

नकाशाचं पान काढलं. ठिपका शोधला. या शहाण्यांनी कारखान्याऐवजी मुख्य कचेरीचा पत्ता टाकलाय! कचेरी चारशे किलोमीटरवर, भरल्या नदीच्या काठी, सातव्या मजल्यावर. तिथला पाण्याचा वापर म्हणजे चहा आणि दोन संडास.

४ मार्च, मंगळवार

सल्लागाराला बोलावून घेतलं. टाय लावून आला होता, आमच्या धुळीत! "मॅडम, सिस्टीममध्ये नोंदलेला पत्ता आपोआप येतो."

"मग तुम्ही कशाला आलात? तेही आपोआप झालं असतं."

साहेब मोठ्याने हसले. टायवाल्याचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे.

घरी यांना सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, समोरच्याला चूक कबूल करायला जरा तरी जागा ठेवावी."

जागा दिली की लोक पथारी पसरतात, म्हटलं.

५ मार्च, बुधवार

पत्ता बदलला. लाल. भडक लाल. साहेबांचा चेहराही त्याच रंगाचा.

६ मार्च, गुरुवार

महिन्याचा पहिला गुरुवार, तळ्याची मोजणी. कारखान्यामागचं तळं झऱ्यांवर भरतं; जमिनीतलं पाणी उतरलं की तळं उतरतं. साधी गोष्ट आहे, तिला उपग्रह लागत नाही. नऊ वर्षं दर महिन्याला मी स्वतः पट्टी वाचते. टायवाल्याला मुद्दाम बरोबर नेलं — बुटांसकट चिखलात!

पातळी एक मीटर ऐंशी. मधली एक वाईट नोंद सोडली तर नऊ वर्षांत बोटभर इकडेतिकडे.

तो वाकून वाकून बघत होता. "मॅडम, चतुराची एकही अळी नाही. बेडूक नाहीत. पाणी तर अगदी नितळ, नळाचं वाटावं असं."

"दिसायला नजर लागते," मी म्हटलं. प्राणिशास्त्राची पदवी मी घेतली तेव्हा याचे आईबाप शाळेत असतील.

माळी काठावर उभा होता. तो खालच्या वस्तीतला. "बाई, आमची विहीर फार खाली गेलीय हो."

"किती खाली? आकडा सांग. रडगाणं नको."

खुरपं उचलून निघून गेला. या वस्तीवाल्यांचं नेहमीचंच! मोजायचं नाही आणि रडायचं.

११ मार्च, मंगळवार

बैठक. साहेबांनी लाल पान उलटं ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, नकाशा आभाळातून बघून बोलतो, तुम्ही काठावर उभं राहून. मी कुणाचं ऐकू?"

"काठावरच्याचं," मी म्हटलं. खरंच होतं ते.

टायवाला पुटपुटला, "रोजच्या नोंदी असत्या तर..."

"ते तळं आहे. तापाचा रोगी नव्हे."

सगळे हसले. निष्कर्षाचं पान मीच लिहिलं. तळ्याची पातळी नऊ वर्षं स्थिर. तिसऱ्या बोअरला हरकत नाही. खाली माझी सही. बोअर मारायची गाडी सोमवारी येणार.

हे म्हणाले, "लाल नकाशा आणि स्थिर तळं, दोन्ही कसं बरोबर असेल?" बँकेत आयुष्य गेलं यांचं, आणि मला भूजल शिकवताहेत!

१३ मार्च, गुरुवार

खालच्या वस्तीतल्या चौघी फाटकाशी अर्ज देऊन गेल्या. बोअर नको म्हणे. दोन पानांत एकही आकडा नाही. अक्षर मात्र बरं आहे.

१५ मार्च, शनिवार

मुखपृष्ठावर खंड्याऐवजी आपलं तळं असावं असं साहेबांना वाटलं. फोटो काढायला मी अकरा वाजता मागे गेले. तळ्याचा तळ दिसत होता. पट्टी भेगाळलेल्या मातीत उभी. माळ्यावर ओरडले — कुणी उपसलं पाणी?

तो भांबावला. "कुणी नाही बाई. आठवड्यात मुरतंच की ते. आज कुठे तुमचा गुरुवार आहे? सांगितलं असतंत तर बोअरचा पाइप सोडून भरून ठेवलं असतं."

सात वर्षं भरतोय म्हणे. एकदा पाणी उतरलं तेव्हा मी त्याला चारचौघांत पाणीचोर म्हटलं होतं, तेव्हापासून. मला आठवतही नाही.

सही मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. कारणापुढे आधी लिहिलं, 'माळ्याची लबाडी'. खोडलं. मग लिहिलं, 'मोजणाऱ्या बाईला लोक घाबरतात.' साहेबांच्या हातात देऊन आले.