चौकटीतली हनुवटी

३ मार्च, सोमवार

चौकट लहान करणार म्हणे! माझी चौकट!

दुपारचं बातमीपत्र संपलं. मी कानातला इअरफोन काढून ठेवत होते, तेवढ्यात निर्माते आले. ‘मॅडम, वाईट वाटून घेऊ नका हं. पण नवे कॅमेरे फार दुष्ट आहेत. सगळं दिसतं.’ सगळं म्हणजे काय, ते त्यांनी स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवून दाखवलं. खुणांची भाषा शिकायला वेळ लागतो असं कोण म्हणतं? मग म्हणाले, ‘एक तर मेकअपचा जाड बेस लावू, नाहीतर पडद्यावरची तुमची चौकट जरा लहान करू. म्हणजे काही दिसायला नको.’

काही दिसायला नको! ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना मी त्या कोपऱ्यातल्या चौकटीतून बातम्या सांगते. हातांनी आणि चेहऱ्याने. चौकट काडेपेटीएवढी झाली, तर त्यांनी काय भिंग घेऊन बसायचं?

हे सगळं मला घरी येताना सुचलं. तिथे मी काय म्हटलं? ‘बेस लावू.’

घाबरट!

४ मार्च, मंगळवार

मोजदाद : हनुवटीवर पाच, जबड्याच्या डाव्या कडेला तीन, उजवीकडे जुने डाग. वय चव्वेचाळीस. शब्दकोशात यांना तारुण्यपीटिका म्हणतात. तारुण्य केव्हाच सामानसुमान घेऊन गेलं. पीटिका मात्र जागा सोडत नाहीत.

आत्याचा फोन. ‘या वयात? पोट साफ होत नसणार तुझं.’ चेहऱ्यावर फोड आला की सगळ्या जगाला आपल्या पोटाची काळजी!

आज बेस लावला. जाड म्हणजे भिंतीला गिलावा करावा तसा. आईने घरी बातम्या पाहिल्या. आई जन्मापासून बहिरी आहे. मी बोलायला लागायच्या आधी तिच्या मांडीवर खुणा शिकले. संध्याकाळी तिच्याकडे गेले तर तिने हातांनी सुनावलं, ‘आज तोंडात घास धरून बोलत होतीस.’

‘काहीतरीच!’

‘भिंतीकडे बघितलं असतं तर जास्त कळलं असतं.’

७ मार्च, शुक्रवार

त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. माझ्याहून लहान आहे, पण खमकी. मी रोज काय करते ते सांगितलं. खरखरीत दाणेवाला साबण, दिवसातून चार वेळा, शिवाय लिंबू. तिने पेन खाली ठेवलं. ‘चेहरा म्हणजे करपलेलं भांडं नव्हे हो, घासायला!’

सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदाच. कोमट पाणी. बोटांच्या टोकांनी. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. त्वचा तेलकट असली तरी मॉइश्चरायझर हवंच (मला वाटायचं, आगीत तेल!). झोपताना मटारच्या दाण्याएवढं मलम, एक दिवसाआड, फोडावर नाही तर सगळ्या चेहऱ्याला पातळ. गरोदर नाही ना, हेही विचारून घेतलं, कारण तेव्हा हे मलम चालत नाही. सकाळी सनस्क्रीन. उशीचा अभ्रा वारंवार बदलायचा. फोडायचं नाही. आठ ते बारा आठवडे धीर धरायचा.

आणि पोट? ‘पोटाचा काय संबंध? चाळिशीत हार्मोन्समुळे जबड्याकडे असं पुष्कळ बायकांना होतं. तुमचा काही गुन्हा नाही.’

गुन्हा नाही. हे ऐकायला एवढा वेळ थांबले होते की काय मी? डोळ्यांत पाणी आलं. मूर्खासारखं.

शेवटी म्हणाली, ‘चेहऱ्याला सारखा हात लावायचा नाही.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, माझं निम्मं बोलणंच हनुवटीवर आणि गालावर चालतं. तेच माझं काम आहे.’ ती म्हणाली, ‘मग हात धुऊन बोला.’

१२ मार्च, बुधवार

आईचं खरं निघालं.

आठवड्याची सगळी रेकॉर्डिंग लावून बसले. हनुवटीला टेकायला हवा तो हात माझा हनुवटीपासून दोन बोटं लांब थांबतो. बेस पुसला जाऊ नये म्हणून! भुवया उचलत नाही, कपाळावरचा थर तडकेल म्हणून. गाल फुगवत नाही. एका घराला आग लागल्याची बातमी मी दुकानाची वेळ सांगावी तशी सांगितली आहे. कोणी सांगितलं नव्हतं मला असं करायला. माझं मीच केलं. आठ फोड झाकायला मी लोकांच्या बातमीवर पांघरूण घातलं.

लाज फोडांची वाटायची, आता याची वाटते. ही जास्त खरी आहे.

१९ मार्च, बुधवार

चेहरा सोलून निघालाय. नाकाच्या बाजूला पापुद्रे. गुन्हेगार मीच. मटारच्या दाण्याएवढं सांगितलं होतं, मी चांगलं सुपारीएवढं फासलं, तेही रोज. डॉक्टर फोनवर : ‘जास्त लावलं म्हणून लवकर होत नाही, नुसतं सोलतं. चार दिवस मलम बंद. फक्त मॉइश्चरायझर. मग पुन्हा थोडं थोडं.’

शिकलेली बाई ना मी? पदवी भिंतीवर टांगलेली आहे.

आईने निरखून पाहिलं. ‘गालावर नवा भाडेकरू आलाय.’ मग बोटाने मोजून : ‘आणि जुने दोन गेलेत.’

२४ मार्च, सोमवार

मेकअपवालीशी जोरदार भांडण. नंतर दोस्ती.

तिचा एकच स्पंज. बातम्या सांगणारी, हवामानवाला, पाहुणे, मी, सगळ्यांच्या तोंडावरून तोच फिरतो. मी पिशवीतून स्वतःचा धुतलेला स्पंज आणि दोन ब्रश काढले. ती भडकली. ‘ताई, मी काय घाणेरडी आहे का? बारा वर्षं करतेय हे काम!’ मी म्हटलं, ‘घाणेरडी तू नाहीस गं, स्पंज आहे. दाब बघू.’ तिने दाबला. त्यातून जे निघालं त्याला रंग नव्हता, इतिहास होता.

ती हसायला लागली. मग म्हणाली, ‘बसा. आज माझ्या मनासारखं करू देता?’

मला वाटलं होतं ती आणखी थर चढवेल. तिने बेस लावलाच नाही. आधी मॉइश्चरायझर, पाच मिनिटं मुरू दिलं. ज्या फोडांना लाली होती तेवढ्यांवर हिरवट रंगाचा ठिपका. त्यावर बारीक ब्रशने कन्सीलर, फक्त ठिपक्यापुरता. चोळला नाही, बोटाने नुसता थोपटला आणि कडा विरवल्या. (बोट धुऊन आली होती! मी बघितलं.) वर चिमूटभर पावडर. बाकी चेहरा मोकळा. ‘फोडाची उंची लपत नाही ताई, कोणी सांगितलं तर खोटं. लाली लपते. आणि घरी गेल्यावर आधी हे काढायचं, मग चप्पल.’

आरशात मीच होते. भुवया वर केल्या. तडकलं नाही काही!

आज सगळं बोलले. हनुवटीवरचं हनुवटीवर, गालावरचं गालावर.

२ एप्रिल, बुधवार

चौकट लहान झाली. न विचारता, न सांगता!

मला कळलं ते आईकडून. ‘आज कुठे होतीस? कोपऱ्यात एक मुंगी हात हलवत होती.’

निर्मात्यांना गाठलं. ‘मॅडम, तुम्ही बेस लावायचा बंद केलात. मी तर आधीच पर्याय दिला होता. आता चेहऱ्याचं टेन्शन नाही तुम्हाला!’ उपकार केल्यासारखं हसले. मी म्हटलं, ‘माझ्या चेहऱ्याचं टेन्शन तुम्हाला आहे. लोकांचं काय?’ ‘तशा कोणी तक्रारी केल्या नाहीत.’

तक्रार करायला दूरध्वनी क्रमांक दिलाय! बहिऱ्यांनी फोन करायचा!

बेस पुन्हा लावला तर चौकट मोठी होईल? लावावा का? तासभर हाच विचार. बेस लावून मोठ्या चौकटीत मुकी, की बेस न लावता छोट्या चौकटीत मुकी. नाही लावणार. पण खरं लिहायचं तर, हा नकार बघणाऱ्यांसाठी की माझ्यासाठी, ते मला नीट सांगता येत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

शिंपीकाका आले होते. आईचे जुने मित्र, कर्णबधिर संघटनेचे सचिव. माझ्या शाळेचे झगे त्यांनीच शिवले. आज दारातूनच त्यांचे हात चालू झाले.

सोमवारी बातम्यांत सूचना होती, मुख्य टाकीत घाण शिरली आहे, तीन दिवस पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. मी ती सांगितली, नीट सांगितली. पण त्यांना दिसलीच नाही. ‘हात होते की माश्या?’ घरातली तिघंही आजारी पडली. नातीला सलाईन लावावं लागलं. आता बरी आहे.

‘चौकट कोणी लहान केली?’

आईने माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं सगळं, पहिल्या दिवसापासून. काकांनी माझ्या हनुवटीकडे बोट केलं.

‘म्हणजे तुझ्या चार फोडांसाठी आम्ही घाण पाणी प्यायलो?’

‘हो.’

‘आणि तू महिनाभर सांगितलं नाहीस. का?’

लाज वाटली म्हणून. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

संघटनेचं पत्र तयार झालं. सगळं काकांनी सांगितलं, मी फक्त लिहून काढलं. मागणी एकच : खुणांची चौकट पडद्याच्या एक तृतीयांश. तीनशे बारा सह्या. आई घरोघर फिरली. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते ती हीच का?

वाहिनीच्या मुख्य बाईंनी पाच मे ला वेळ दिली. निर्माते मला जिन्यात म्हणाले, ‘मॅडम, आपण ज्या घरात राहतो त्याचे वासे मोजू नयेत.’ मी म्हटलं, ‘मी वासे मोजत नाही, खिडकी मोजतेय.’

जिन्यातच सुचलं! आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर.

२३ एप्रिल, बुधवार

फोडला एक. हनुवटीवरचा. डॉक्टर, माफ करा.

२ मे, शुक्रवार

आठ आठवडे झाले. नवा फोड एकच. सोलणं थांबलं. जुने डाग आहेत तिथेच, थोडे फिके. डॉक्टर म्हणाली, ‘डागांना महिने लागतात. सनस्क्रीन सोडू नका. आणि पाळीच्या आधी एखादा येत राहील, घाबरायचं नाही.’ म्हणजे हे कधी संपूर्ण संपणार नाही. बरं. मीही नाही संपत.

त्वचेशी मी वीस वर्षं भांडत होते. घासून, पिळून, गिलावा करून. आता तिला कोमट पाणी देते, थोडं मलम देते आणि आपल्या कामाला लागते. ती तिचं बघते.

मेकअपवाली आता प्रत्येकाला वेगळा स्पंज देते. दर शनिवारी ब्रश धुऊन दोरीवर वाळत घालते. हवामानवाल्याच्या मानेवरचं पुरळ बरं झालं. तो मला श्रेय देत नाही, हवामानाला देतो.

५ मे, सोमवार

जिंकलो!

मुख्य बाईंची खोली. एका बाजूला त्या आणि निर्माते, दुसऱ्या बाजूला शिंपीकाका, आई आणि संघटनेचे दोघे. मधे मी. सुरुवातीलाच सांगितलं की या प्रकरणात माझा स्वार्थ आहे, दुसरा दुभाषी बोलवा. दुसरा मिळाला नाही. मग सगळ्यांनी मीच चालेन म्हटलं.

चेहऱ्यावर फक्त सनस्क्रीन. डाग, फोड, सगळं उघडं. एवढ्या जवळून तर कॅमेराही बघत नाही. बघा!

काकांनी पाण्याची गोष्ट सांगितली. नातीची सांगितली. मग खिशातून शिवणकामाची टेप काढली, भिंतीवरच्या टीव्हीपाशी गेले आणि चौकट मोजून दाखवली. तीन इंच. मग स्वतःचा पंजा काचेवर ठेवला. चौकट त्याखाली बुडून गेली. मला काही बोलावंच लागलं नाही.

मुख्य बाई निर्मात्यांना म्हणाल्या, ‘हे तुम्ही मला का नाही सांगितलं?’ एक तृतीयांश! येत्या सोमवारपासून! लेखी!

येताना आईचा हात धरून चालत होते. दोघींचे हात अडकलेले, म्हणजे दोघीही गप्प.

६ मे, मंगळवार

काल एक गोष्ट लिहिली नाही.

एक तृतीयांश ठरल्यावर काका खाली बसले नाहीत. त्यांना आणखी एक वाक्य सांगायचं होतं. दुभाष्याने ‘हे असं म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. बोलणाऱ्याचं ‘मी’ हेच आपलं ‘मी’. म्हणून ते माझ्या तोंडून, माझ्या आवाजात गेलं : ‘आणि त्या चौकटीत ऐकू येणारी बाई मला नको. आमच्यातलंच माणूस हवं.’

आईने मान डोलावली. तिला आधीच माहीत होतं. बातम्या समोर लिहिलेल्या असतात, वाचून खुणा करायला ऐकू यावं लागत नाही.

निर्माते पटकन म्हणाले, ‘हो हो, अवश्य!’ इतक्या पटकन! न्याय पटला म्हणून, की हनुवटी सुटली म्हणून, ते मला कधीच कळणार नाही.

दोन्ही बाजूंचं कळणारी त्या खोलीत मी एकटी होते. एक शब्द गाळला असता तरी कोणाला पत्ता लागला नसता.

गाळला नाही.