बेंबीवरचं शेण

२ जून १९६९
आलो एकदाचे! कुरुंदवाडच्या अलीकडे, नदीकाठचं गाव. ह्यांना इथल्या शाळेत हेडमास्तरकी मिळाली आणि हंबीररावांच्या घरात दोन खोल्या. दारात दुभती गाय, त्यामुळे चहाची चैन. मालकीणबाई झुंबरबाईंनी माझं पोट बघून ठणकावून सांगितलं, की माहेराला कशाला जाताय, आमची सुईण चिमणाबाई हाय की! मी हसून घेतलं. सातवा सरला की सांगलीला आईकडे जायचंच आहे.

१९ जून
झुंबरबाईंची सून हौसा आज बाळंत झाली, गोठ्याला लागून असलेल्या कोंदट खोलीत. मी गरम पाणी घेऊन गेले आणि नको ते पाहिलं. चिमणाबाईनं गवताचा विळा पदराला पुसला नि त्यानंच नाळ कापली. नखांत काळा मळ. वर ताज्या शेणाचा गोळा त्या कोवळ्या बेंबीवर थापला आणि मळकी चिंधी बांधली. मला भडभडून ओकारी आली. चिमणाबाई खदाखदा हसली. म्हणाली, गाईचं शेण हाय, त्येची कसली घाण?

२७ जून
हौसाचं बाळ गेलं. दोन दिवस अंगावर पीत नव्हतं, मग लाकडासारखं ताठ झालं. आधीचीही दोन अशीच गेली म्हणे. झुंबरबाई सटवाईला बोल लावतात आणि चिमणाबाईला लुगडं देतात! शिसारी येते मला या माणसांची. हौसा तेवढी भिंतीकडे तोंड करून पडलीय.

३ जुलै
हे कुरुंदवाडच्या डॉक्टरांना विचारून आले. हा धनुर्वात. शेणातून, गंजक्या विळ्यातून होतो. नाळ उकळलेल्या ब्लेडनं कापायची, वर काही लावायचं नाही, आणि आईनं आधीच सुया घ्यायच्या. लस संपलीय, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. झुंबरबाईंना सांगितलं, तर त्या उसळल्या. आमी काय मेलो व्हय?

११ जुलै
पुराचं पाणी रस्त्यावर. ना कुरुंदवाड, ना सांगली. चिमणाबाई येऊन माझ्या पोटावरून हात फिरवून गेली. साबणानं घासलं, तरी वास—

१४ जुलै
कळा. इतक्या लवकर! ब्लेड उकळून ठेवलंय, सगळ्यांना बजावलंय—

१६ जुलै
मुलगा. रक्त फार गेलं, माझी शुद्ध हरपली होती; सोडवलं चिमणाबाईनं. आज बाळाची चिंधी सोडली. खाली हिरवट, वाळलेलं. खरवडलं, धुतलं, धुतच राहिले. ब्लेड तसंच पातेल्यात.

२१ जुलै
पाणी उतरतंय. हे डॉक्टरांना आणायला होडीनं गेलेत. बाळ सकाळपासून पीत नाही. ओठांवर बोट टेकवलं, जबडा उघडत—

चिमणाबाई आलीय. ताजं शेण घेऊन. पाळण्यात वाकून कौतुकानं म्हणते, बघा की, सटवाई हसवतीया लेकराला.

ओठ ताणलेत. पाठ उचललीय. हे अजून—

हसत नाहीये तो. हसत नाही—