छातीवर बिल्डरचं नाव

चि. दिनकरास, ग्वाल्हेरहून दादाचा आशीर्वाद.

मी इथं लेकीकडे धडधाकट आहे, गुडघाही गप्प आहे. तेव्हा तब्येतीमुळं दादा कोल्हापूरला येत नाही, असं पेठेत सांगत फिरू नकोस.

तालमीच्या फुटबॉल टीमची नवी जर्सी माझ्या हातून वाटायची म्हणतोस. फोटो बघितला. छातीवर बिल्डरचं नाव, आपल्या तालमीचं बाहीवर. तालमीचा अध्यक्ष तोच, पैसे ओतणाराही तोच.

इथं नातू अंबरीश आणि त्याचे दोस्त फूलबागेत बसून विलायती क्लबांवरून भांडतात. मालकानं आपल्याच कंपनीला क्लबची स्पॉन्सर करून वाट्टेल तेवढा पैसा आणायचा, हे नियमात बसतं का, म्हणून. मी त्यांना सांगितलं, आमच्या पेठेत घरटी सारखी वर्गणी असायची. एका सावकारानं जास्त दिली, तर तालमीचे तेव्हाचे अध्यक्ष आबांनी परत पाठवली. नाहीतर त्याचं पोरगं टीममध्ये घ्यावं लागलं असतं.

अंबरीश म्हणाला, "आजोबा, आप तो यूरोप से भी आगे थे. मग आता काय झालं?"

मी उठून घरी आलो.

बिल्डरचा भाचा खेळतो आणि तुझा नातू संग्राम बाकावर बसतो, हे मला तुझ्या सुनेनं कळवलं. तू नाही. पोरगं जेवतं का नीट? सुट्टीत इकडे धाड त्याला.

जर्सीवर ज्याचं नाव आहे, त्याच्याच हातून वाटून घ्या. यावर फोन करू नकोस. मी आणखी एक शब्द बोलणार नाही.

तुझा दादा