बाकावरून बोलायचं नाही

हेन्डरसन, ऑकलंड
४ मे २०२५

चि. सौ. सुलभा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन करतेस आणि मी ‘हं’ म्हणून तो देवदत्तच्या हातात देतो, म्हणून हे पत्र. रागावू नकोस. बोलायला काही सुचत नाही. तुझी उर्मिलावहिनी गेल्यावर देवदत्त मला इकडे घेऊन आला. तो आणि मेधा दोघंही जपतात. सूनबाई वाढतात, मी गिळतो. परवा देवदत्त म्हणाला की भाजीत मीठच नाही. मी ती दोनदा घेतली होती.

सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणतो. मग खिडकीशी बसतो.

आता नातीची नवी टूम. इरावतीच्या शाळेच्या बास्केटबॉल टीमचा कोच वेलिंग्टनला गेला. आजोबांनी पुण्यात कॉलेजची टीम सांभाळली, ते आमची घेतील, असं तिने परस्पर सांगून टाकलं. ज्याच्या आत काही हलत नाही तो माणूस पोरींना काय शिकवणार? नाही म्हणायचं आहे, पण तेही जमत नाहीये. तुला काय वाटतं ते कळव.

प्रकृतीला जप.
तुझा,
नारायणदादा

पुणे
२२ मे २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजून सरळ आहे, म्हणजे सगळंच गेलेलं नाही.

इरावतीला हो म्हण. निवृत्त होईपर्यंत तू दुसरं केलंस तरी काय?

मात्र इथला खाक्या तिथे चालवू नकोस. सरावाला घसा बसेपर्यंत ओरडायचास, आणि मॅच सुरू झाली की तोंडाला कुलूप. विचारलं की तेच पुराण: तुझ्या गुरूंचे गुरू अमेरिकेतल्या कॉलेजात खेळून आले, त्यांच्या काळी खेळ चालू असताना कोचने बाकावरून शिकवायचं नाही असा तिकडे नियमच होता. तो नियम तिकडे केव्हाच गेला, तू मात्र धरून बसलास. खपलं, कारण मागे पायऱ्यांवर वहिनी उभी असायची. ‘अरे, पाय हलवा!’ म्हणून अख्खं ग्राउंड डोक्यावर घ्यायची. नवीन मुलांना तीच कोच वाटायची.

वहिनीच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यातही तू तसाच बसलास, हात मांडीवर ठेवून. ती तुझ्याकडे बघत होती रे. मला तुझा राग आला होता, अजून आहे. लिहून टाकलं, आता जरा मोकळं वाटतंय.

उत्तर धाड, आणि माया आहे तशीच असू दे.
तुझी,
सुलभा

हेन्डरसन
१५ जून २०२५

चि. सौ. सुलभा हिस,
अनेक आशीर्वाद.

राग ठेव. तुझा हक्कच आहे.

इरावतीला हो म्हटलं. काल पहिली मॅच झाली. मी बाकावर, हात मांडीवर. आमच्या पोरी मागे पडत चालल्या तरी मी गप्पच. एका मुलीच्या आईने येऊन मला बरं आहे ना, असं विचारलं. मी मान हलवली. इरावती बचावाला नुसती उभी राहत होती. मला ते दिसत होतं, आणि मी कशाची तरी वाट बघत होतो. कशाची, ते कळायला वेळ लागला. मागून आता आवाज येईल, असं वाटत होतं. वळून पाहिलं तर मागच्या बाकांवर मुलींची जॅकेटं पडली होती.

मग मी उभा राहिलो आणि ओरडलो, “इरावती, पाय हलव!” सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पोरीने पाय हलवले. तरी हरलोच.

परत येताना गाडीत ती म्हणाली, “आजोबा, यू साउंडेड लाइक आजी.” रडू आलं नाही. येईल असं वाटलं, एवढंच.

घरी येऊन जेवायला बसलो. आमटी खारट झाली होती. मेधाला सांगितलं नाही, आणखी थोडी वाढून घेतली.

फोन कर. बोलेन.
तुझा,
नारायणदादा