चेहरा एकदाच रंगतो

४ जानेवारी

मी चेहऱ्याला काहीच का लावत नाही? काल डेसिस्लावाचा राजधानीतून, सोफियाहून फोन आला, तेव्हा तिनं पुन्हा तेच विचारलं. "तुझी आई अख्ख्या गावातल्या नवऱ्या रंगवते आणि तू साधी लिपस्टिक लावत नाहीस! काय बाई आहेस!" विद्यापीठात एका खोलीत राहायचो तेव्हापासून तिचा हा प्रश्न आहे. आणि मला उत्तर येत नाही, हे आज इथं कबूल करते. धर्म म्हणावं तर आई तसं कधी बोललेली नाही. आवडत नाही म्हणावं तर ते खोटं आहे. आईचा टिकल्यांचा डबा उघडला की अजूनही मी हातातलं काम सोडून बघत बसते.

लहान असताना त्यातली एक निळी टिकली मी गालावर चिकटवली होती. आई रागावली नाही. बोट ओलं करून तिनं ती अलगद काढली. म्हणाली, "थांब. तुझा चेहरा मीच रंगवणार आहे. पण एकदाच."

मग मी थांबले. एवढंच.

९ जानेवारी

शाळा सुरू झाली. पोरांच्या नाकाला थंडीनं पाणी. बाबांचा जर्मनीहून फोन — "कशा आहात मास्तरीणबाई?" बांधकामावरच्या सगळ्यांना त्यांनी माझी पदवी सांगून झालीय, आता मुकादमाला दुसऱ्यांदा सांगतायत म्हणे!

१८ जानेवारी

रुकियेचं लग्न. सकाळपासून ढोल-सनई. तिचा रुखवत दारापुढच्या लाकडी मांडवावर टांगलाय — रजया, गालिचे, विणलेले मोजे, सगळ्या गल्लीला दिसेल असा. आतल्या खोलीत फक्त बायका. रुकिये उशीला टेकून डोळे मिटून बसलेली. तोंडाला पांढरा दाट लेप लागला की इमामाची दुआ होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, मग उघडायचे ते नवऱ्यासमोरच; तोवर बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही.

म्हणून सगळ्या तिला हसवायला टपलेल्या! शेजारच्या सालिहाकाकू सर्वांत पुढे. "रुकिये, हसू नको गं, नवऱ्याला भेगा पडलेली बायको मिळेल. परत केली तर आम्ही घेणार नाही!" रुकियेचं पोट गदगदत होतं, चेहरा मात्र दगड.

आई लेप लावण्याआधी चेहऱ्यावरून कोरडे हात फिरवते. बराच वेळ. कपाळ, गालाची हाडं, हनुवटी. मग ठरवते, कुठल्या चेहऱ्याला टिकल्यांचं कुठलं फूल. दोन नवऱ्यांना सारखं फूल तिनं आजवर दिलेलं नाही.

उजवा गाल सुरेख झाला. डाव्या गालावर तिनं पहिली टिकली उचलली आणि कानाजवळच्या केसांवर लावली. केसांवर! मी तिचं मनगट धरलं.

"किती सरकली?" अगदी हळू.

"तीन बोटं."

"तू कर डावा."

आणि मोठ्यानं सालिहाकाकूंना म्हणाली, "पोरीला शिकवतेय, बघताय काय!"

मी केला. फूल तिनं कानात सांगितलं, टिकल्या मी लावल्या. रुकिये बाहेर आली तेव्हा बाया आईचं नाव घेऊन म्हणाल्या, "काद्रियेचा हात तो काद्रियेचाच!" दोन्ही गालांना म्हणाल्या. मी अभिमानानं फुगले होते, आणि घरी पोचेपर्यंत आईचा हात सोडला नाही.

२१ जानेवारी

आईला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी जपायची. किती दिवस टिकेल? "सांगता येणार नाही. उशिरा आलात."

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तंबाखूची पानं ओवायला डोळे लागत नाहीत, हाताला सुई कळते." मग बऱ्याच वळणांनंतर — "फक्त तुझं राहिलं."

२३ जानेवारी

आज तिनं तिच्या लग्नाचं सांगितलं. आधी कधी एवढं सांगितलं नव्हतं. सरकारनं तेव्हा आमच्या मुसलमान लोकांची नावं जबरदस्तीनं बदलली होती, आमच्या रीतींवर बंदी घातली होती. ढोल नाही, लेप नाही. कचेरीत सही करून दोघं घरी आली आणि जेवायला राजम्याची आमटी होती. "पाहुणे तरी होते का?" — "होते ना. बाहेर उभा असलेला पोलीस."

तिच्या आत्यानं तिला ही कला दार लावून शिकवली. पुढं बंदी उठली, तोवर मी पाळण्यात. आईनं दुसऱ्यांच्या मुली रंगवायला घेतल्या. तिच्या स्वतःच्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नाही, तो नाहीच.

२८ जानेवारी

सालिहाकाकूंना आईच्या डोळ्यांचं कळलंय! गावात काय लपतं? चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आल्या आणि गावातल्या जमालचं स्थळ मांडलं.

"मुलगा गुणी आहे. स्वतःचा ट्रक आहे. दात सगळे जागेवर आहेत!"

"काकू, मी घोडा घेत नाहीये."

"हस, हस. आईला दिसतंय तोवर उरकून टाक, नाझमिये. नंतर त्या पदवीला रंगवणार आहे का ती?"

शेवटचं वाक्य लागलं. जमाल खरंच गुणी आहे, हेही खरं.

२९ जानेवारी

हो म्हणायचं ठरवलं.

३० जानेवारी

आई पीठ मळत होती तेव्हा सांगितलं. तिचे हात थांबले.

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"जमालला विचारलंस का, माझ्या डोळ्यांशी लग्न करायला तो तयार आहे का?"

मी रडायला लागले, तर ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "तुला बाहेर शिकायला पाठवलं तेव्हा अर्धं गाव मला बोलत होतं. मी मान वर करून चालले. आता माझ्या डोळ्यांपायी तू कुणाच्या घरी गेलीस, तर ती मान मी कुठं ठेवू?"

पीठ पुन्हा मळायला लागली. "सालिहाला निरोप दे. बानित्सा चांगली होती म्हणावं."

४ फेब्रुवारी

विद्यापीठातला तो तास आठवतोय. सरांनी पडद्यावर आमच्याकडच्या नवरीचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "पाहा, बाईचा चेहरा कसा पुसून टाकला आहे." सगळे वह्यांत उतरवून घेत होते. मी उभी राहिले. "सर, पुसलेला नाही. हे फूल माझ्या आईचं आहे. ही मुलगी आमच्या वरच्या गल्लीतली, तिची हनुवटी टोकदार आहे, म्हणून पाकळ्या खाली निमुळत्या केल्यात. आईइतकं निरखून हिच्याकडे आयुष्यात कुणी पाहिलं नसेल."

सर "बसा" म्हणाले. मी बसले. पण आजही तो प्रसंग आठवला की माझा कणा ताठ होतो.

१५ फेब्रुवारी

आजच्या लग्नाला आई गेली नाही. सर्दी आहे म्हणाली. सर्दी नाही. "तू जा. आता तूच जायचं." मी गेले. बायका आधी कुजबुजल्या, मग बघायला पुढे सरकल्या. फूल माझं होतं, साधंच, पण नीट बसलं. घरी येऊन तिला टिकलीन् टिकली सांगितली. तिनं डोळे मिटून ऐकलं.

१९ फेब्रुवारी

आईनं कॉफी कपाबाहेर ओतली. मी फडकं आणून टेबल पुसलं.

२२ फेब्रुवारी

दुपारी बर्फावरून ऊन आत आलं होतं, खोली लख्ख. मी खिडकीशी बसले, डोळे मिटले आणि म्हटलं, "आई, डबा आण."

"वरात कुठाय?"

"यायची तेव्हा येईल. आली तर कोऱ्या चेहऱ्यानं जाईन मी."

"एकदाच असतं हे, नाझमिये."

"माहीत आहे. म्हणूनच आज."

तिची पावलं दूर गेली. मला वाटलं, ती निघून गेली. मग डब्याचं झाकण वाजलं आणि तिचे कोरडे हात माझ्या कपाळावर आले. किती वेळ फिरत होते! लेप गार होता. टिकल्या तिनं एकेक करून लावल्या, बोटांनी जागा चाचपत, नाक माझ्या गालाला लागेल इतकी जवळ येऊन. सालिहाकाकू दारात आल्या, "अगं बाई!" म्हणाल्या आणि पहिल्यांदाच पुढं काही बोलल्या नाहीत.

इमामाची वाट न बघता डोळे मी उघडले. समोर आई होती.