गॉर्डीचे साज

ऑस्टबी लेक, मिनेसोटा
९ जुलै

आदरणीय आर्डिसताई,

धाकट्या भावाचा अदबीने नमस्कार. गुडघे कसे आहेत? ऍरिझोनाच्या उन्हात त्यांना तक्रार करायला जागाच उरत नाही, असं तू ईस्टरला लिहिलं होतंस. तरी विचारतो, कारण विचारलं नाही तर पुढच्या पत्रातलं दीड पान तू त्यावरच खर्च करतेस. डोळ्यांचे थेंब वेळेवर घालतेस ना? माझी तब्येत ठणठणीत आहे. डाव्या अंगठ्याला तीन भोकं पडली आहेत, पण तिन्ही बुजत आली आहेत आणि ती कशी पडली ते पुढे ओघात येईलच. घाबरून फोन करू नकोस. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून तर पत्र लिहितो आहे.

गॉर्डी ब्रँडवोल्ड नोव्हेंबरात गेला हे तुला कळवलं होतंच. बाहेरगावच्या लोकांना तळ्यावर नेऊन वॉलआय मासे पकडून द्यायचे, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. त्याच्या दफनाला सगळं गाव आलं, पण खरं सांगायचं तर गावाला खरा धक्का बसला तो मार्चमध्ये. रॉली केट्टुनेनच्या आमिषाच्या दुकानात ‘गॉर्डीचे साज’ अशी जी पाटी आहे ना, तिच्याखालचा खिळा रिकामा झाला. शेवटचा साज गेला. मी स्वतः पाहिलं, दोन धडधाकट माणसं त्या खिळ्यासमोर टोप्या काढून उभी होती. (दफनाच्या वेळी थंडी होती म्हणून त्यांनी काढल्या नव्हत्या.)

तू वीस वर्षं वाळवंटात आहेस, म्हणून आठवण करून देतो. अडीच हात तंगूस, त्याच्या टोकाला मागेपुढे बांधलेले दोन बारीक गळ, त्यांच्यापुढे ओळीने मणी आणि मण्यांच्या पुढे चहाच्या चमच्याच्या तोंडाएवढं एक पातं. एवढाच काय तो साज. पुढच्या गळात गांडुळाचं डोकं अडकवायचं, मागच्यात कंबर. (गांडुळाला कंबर असते की नाही यावर आपण बाबांच्या होडीत एकदा भांडलो आहोत, ते पुन्हा नको.) मग पुढे तळाला घासत जाणारं शिसं लावून होडी चालत्या म्हातारीच्या वेगाने सोडायची. पातं गरगरतं, गांडूळ ताठ मानेने पोहतं आणि तळाशी बसलेल्या वॉलआयला ते बघवत नाही. साज दुकानात कारखान्याचेही मिळतात. पण एकाच होडीत, एकाच पाण्यात कारखान्याचा साज रिकामा यायचा आणि गॉर्डीचा वाकलेली काठी घेऊन यायचा. हे सगळ्यांनी पाहिलं आहे, असं का ते कुणालाच माहीत नाही.

माझ्याकडे शेवटचे तीन उरले होते. एक पाइक माशाने तोडून नेला. दुसरा पाण्याखालच्या ओंडक्यात गेला. तिसरा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, चष्म्यावर चष्मा लावला आणि ठरवलं की बत्तीस वर्षं काउंटीचं बर्फ लोटणारं यंत्र चालवलेल्या माणसाला दोन गाठी आणि सहा मणी जमायलाच हवेत. माझ्या डोलोरेसच्या शिवणाच्या डब्यात मणी होते. (ती असती तर डब्याला हात लावू दिला नसता, पण ती असती तर मी मार्चमध्ये घरात एकटा गळ घेऊन बसलोच नसतो.) पहिला गळ पहिल्याच दिवशी अंगठ्यात गेला. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, “काय पकडत होतात?” म्हटलं, काही नाही, टेबलाशी बसलो होतो. तिने ते लिहून घेतलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने काही न विचारता पक्कडीचा खण उघडला.

त्यातच गांडुळं. सरावाला हवीत म्हणून मी चार डझन आणली आणि पनीरच्या रिकाम्या डब्यात माती घालून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेबांच्या मिसेस विधुराची चौकशी करायला भाजलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन आल्या. कॉफीत घालायला साय शोधत त्यांनी नेमका तोच डबा उघडला. किंचाळल्या वगैरे अजिबात नाहीत. डबा बंद केला, जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, “वेगळंच आहे.” आपल्या गावात यापेक्षा कडक शब्द नाही हे तुला सांगायला नको. त्यानंतर पातेलं आलेलं नाही.

एवढं सोसून मी जे अकरा साज बांधले त्यांतल्या एकाचंही पातं फिरेना. मेल्या माशासारखं आडवं तरंगायचं. शेवटी लाज सोडून मी ब्रँडवोल्डांच्या घरी गेलो. गॉर्डीची एखादी वही असेल, मापं, रंग, काहीतरी लिहून ठेवलं असेल, असा हिशेब. ट्वायलाबाई तुला आठवतात का? चर्चच्या गायकवृंदात तुझ्या मागच्या ओळीत उभ्या राहायच्या. बारीक, सरळ, फार न बोलणाऱ्या. आता चौऱ्याहत्तरच्या आहेत आणि तशाच सरळ आहेत.

“वही?” त्या म्हणाल्या. “कसली वही?”

मी खिशातून माझा त्यातल्या त्यात बरा साज काढून दाखवला. त्यांनी तो खिडकीशी धरला.

“हा कुणी बांधला?”

“मी.”

“जागा होतास का?”

आणि ताई, मी उत्तर जुळवतोय तोवर त्यांनी टेबलाच्या खणातून तंगूस काढलं. गळाच्या दांडीवर वेढे घातले, मला वाटतं आठ (मोजायला सुरुवात केली तेव्हा संपले होते), ओठांनी ओलं केलं, ओढलं. मग चार बोटं सोडून दुसरा गळ. मग मणी, मग पातं, मग वरचा फास. माझी कॉफी अजून पिण्याजोगी निवलीसुद्धा नव्हती. टेबलावर पडला होता तो गॉर्डीचा साज. म्हणजे हुबेहूब तसा नव्हे, तोच.

त्या म्हणाल्या, “गॉर्डीला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, व्हर्लिन. लाकडाच्या गिरणीत असताना उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. त्याचे बूट सगळे ओढून चढवायचे असत. चाळीस वर्षांत एकदाही तुझ्या लक्षात आलं नाही?”

नव्हतं आलं. कुणाच्याच आलं नव्हतं. गॉर्डीने धंदा सुरू केला त्या उन्हाळ्यात त्यांनी चार साज बांधून दिले. दुकानात कुणीतरी विचारलं, गॉर्डी, तूच बांधलेस का? गॉर्डी बायकोकडे बघायला लागला. नवा धंदा, आणि बोटं चालत नाहीत हे कळलं तर होडीत कोण बसणार? त्या म्हणाल्या, हो, त्यानेच. पुढे ते तसंच राहिलं.

“आणि हे तू कुठे बोललास,” त्या म्हणाल्या, “तर तुझा उजवा अंगठा अजून कोरा आहे, हे लक्षात ठेव.”

मी शपथ घेतली आणि शिकवणी मागितली. ती सहा आठवडे चालली. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी नऊला. मी बांधायचा, त्या बघायच्या आणि कात्रीने कापायच्या. रागावायच्या नाहीत, नुसतं कापायच्या. माझी खोड अशी निघाली की मी मणी कमी घालत होतो, त्यामुळे पातं मागे सरकून गळावर आपटायचं. आणि दोन गळांमधलं अंतर एवढं कमी की गांडूळ ताणून बसण्याऐवजी गोळा होऊन बसायचं. “त्याला पाय पसरायला जागा दे,” त्या म्हणायच्या. मण्यांचा क्रम त्या डोळे मिटून बोटांनी ओळखतात. गढूळ पाण्याला केशरी, उन्हाला चांदीचं पातं, ढगाळ दिवसाला सोनेरी, हे सगळं गॉर्डी रोज येऊन जे सांगायचा ते ऐकून ठरवलेलं. माणूस परत येऊन म्हणायचा, आज पश्चिमेच्या खडकावर मासे नुसतंच हुंगून गेले, आणि ही बाई रात्रीतून एक मणी बदलायची. चाळीस वर्षं त्या तळ्याशी असं नवऱ्याच्या तोंडून बोलत होत्या. अशा माणसाशेजारी बसून मी गाठी कापून घेतल्या, ताई, आणि मला त्याचा अभिमान आहे.

प्रत्येक साज तयार झाला की त्या न्हाणीघरातला टब भरायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून बघायच्या. पाच फूट. मे महिन्यात माझा पहिला साज टबात फिरला. मी ओरडलो. त्या नुसत्या वाकून बघत राहिल्या आणि मग विचारलं, “तळ्यात कसं दिसतं रे?”

मला प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू कळला. त्या कधी होडीत बसल्याच नव्हत्या. होडीत पाहुणे असायचे आणि रविवारी गॉर्डीला झोप हवी असायची. “कुणी विचारलं नाही आणि मीही म्हटलं नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी त्यांना घेऊन गेलो. सकाळचे सात, आभाळ राखाडी, थोडा वारा, म्हणजे सोनेरी पातं. त्यांचा साज तळाशी सोडायच्या आधी मी तो होडीच्या कडेला हातभर खोलीवर धरला, नुसता दाखवायला म्हणून. पातं फिरलं. टबात फिरतं तसं नव्हे. टबात ते फिरेपर्यंत भिंत येते. इथे भिंतच नव्हती. ते फिरतच राहिलं, त्याचा एक सोनेरी गोळा झाला, मणी एकात एक मिसळले आणि मागे ते गांडूळ एखाद्या सावकारासारखं पाय पसरून चाललेलं. ट्वायलाबाई कडेवर कोपर टेकून बघत होत्या. मी मोटर हळू केली. पाव मैल गेलो, अर्धा मैल गेलो. मी म्हटलं, आता खाली सोडू या का, मासे तळाशी आहेत. त्या म्हणाल्या, “थांब जरा.” मी थांबलो. अजून पाव मैल. त्यांच्या नाकाच्या टोकावरून थेंब पाण्यात पडत होते आणि मी दुसरीकडे बघत खडक शोधत असल्याचं नाटक करत होतो.

मग एकदाचा साज खाली गेला आणि दहाव्या मिनिटाला काठी वाकली. अठ्ठावीस इंचांची मादी, ताई, पिवळ्याधमक पाठीची. मी अत्यंत कौशल्याने ती जाळीत घेतली. ट्वायलाने तिला दोन्ही हातांत धरलं, तोंडातला साज हलकेच सोडवला, नीट आहे ना ते आधी बघितलं (साज, मासा नव्हे), आणि मासा परत सोडून दिला. मला दिवसभरात काहीही लागलं नाही. माझा स्वतःचा साज अप्रतिम फिरत होता.

बातमी आमच्याआधी किनाऱ्यावर पोहोचली. रॉलीच्या दुकानात सहा-सात जण कॉफी घेऊन उभे होते. रॉली ट्वायलाचा हात हातात घेऊन म्हणाला, “वहिनी, गॉर्डी वरून बघत असणार. तो गेला, पण त्याचा हात अजून मासे पकडतोय.” माझ्या घशात शब्द असे आले की मी तोंडात अख्खा डोनट कोंबला. शपथ म्हणजे शपथ.

“रॉली,” ती म्हणाली, “जरा तंगूस दे. आणि दोन गळ.”

आणि तिथे, काउंटरवर, सगळ्यांच्या देखत तिने बांधला. शेवटचा फास ओढून तिने साज रिकाम्या खिळ्याला लावला आणि म्हणाली, “चाळीस वर्षं हेच. त्याने मासे शोधले, मी गाठी मारल्या.” एक म्हातारा, ज्याच्या टोपीला नेहमी एक जुना साज लावलेला असतो, त्याने टोपी काढली, साजाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “छान आहे.” आपल्याकडे हाही मोठाच शब्द आहे.

रॉली बिचारा लाल झाला. पाटी काढायला शिडी आणायला निघाला. ती म्हणाली, पाटी राहू दे, लोकांना ते नाव वाचायची सवय आहे, खाली हवं तर एक ओळ घाल. आता तिथे लिहिलं आहे: ‘गॉर्डीचे साज. बांधणारी हयात आहे.’

घरी सोडताना मी विचारलं, मला शपथ घातलीस आणि स्वतः बोललीस, असं का? आणि गॉर्डीला चाललं असतं का? “गॉर्डीला?” ती म्हणाली. “तो तर दर ख्रिसमसला म्हणायचा, सांगून टाकू या. मीच नको म्हणायचे. मला वाटायचं, काय एवढं त्यात, चार मणी आणि दोन गाठी. आज पाहिलं, किती सुंदर आहे ते.”

मी गाडीतून उतरून तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. तुला माहीत आहे, माझ्या बाबतीत हे किती दुर्मिळ आहे.

आता पुरे करतो, पानं संपली. थेंब घाल, उन्हात टोपी घाल आणि या भावाला मनातून फार खाली उतरवू नकोस.

तुझा
व्हर्लिन

ता. क. — एक किरकोळ गोष्ट राहिली. जानेवारी-फेब्रुवारीत इथे फार गारठा असतो आणि ट्वायलाने उभ्या आयुष्यात निवडुंग पाहिलेला नाही. तुझ्याकडे सहा आठवडे आलो तर चालेल का? दोन खोल्या लागतील. दोन म्हणजे दोनच. भुवया खाली आण.

आणखी ता. क., वेगळ्या अक्षरात — आर्डिस, मी ट्वायला. व्हर्लिनने पत्र तपासायला दिलं. मासा सव्वीस इंचांचा होता. जाळी घ्यायला वाकताना तुझा भाऊ पाण्यात पडला. मासा मी एका हाताने धरून ठेवला आणि त्याला दुसऱ्या हाताने, कॉलरला. त्याचा साज फिरतो, पण अप्रतिम नाही. बाकी सगळं खरं आहे, आणि त्याने माझ्याबद्दल जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. आम्ही येतो. दोन खोल्यांची तसदी घेऊ नकोस, एक पुरे. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. पाकीट मीच चिकटवते आहे.